अकरा महिन्यांचा पत्ता

धनकवडीची खोली ३१ मेला सोडायची होती. मालकांनी मार्चमध्येच सांगून ठेवलं होतं, नवा करार करायचा तर भाडं ९,००० वरून १२,०००. त्यांच्यावर माझा राग नाही, शेजारच्या इमारतीत तेवढं मिळत होतं. पण माझ्या हातात महिन्याला १६,९०० यायचे आणि धाकट्या भावाला अप्रेंटिसचे ११,५००. त्यातून आईला करमाळ्याला ४,०००, भावाच्या आयटीआयच्या वेळी काढलेल्या कर्जाचा हप्ता ३,२००, किराणा, गॅस, दोघांचं जाणं-येणं. मी वहीत तीन तऱ्हेनं मांडून बघितलं. १२,००० कुठेच बसेनात.

हिशोब मांडणं हेच माझं काम, म्हणून वहीवर माझा भरवसा. करमाळ्यात बी.कॉम. केलं, मग पुण्याला येऊन जीडीसी अँड ए. ही सहकार खात्याची परीक्षा. सहकारी संस्थांचं ऑडिट करायचं तर ती लागते. तिच्या जोडीला सीएचएम केलं, ते गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापनाचं. २०१८ पासून मी पुण्यातल्या सोसायट्यांची दप्तरं बघतेय. मेंटेनन्सची बिलं, इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, थकबाकीदारांची यादी, आय नमुना म्हणजे सभासद नोंदवही, जे नमुना म्हणजे सभासदांची यादी. कुणाचा फ्लॅट कधी विकला गेला, कुणी भाडेकरू ठेवलाय, हे माझ्या हातून लिहिलं गेलंय. फ्लॅट भाड्यानं दिला म्हणून मालकाकडून घ्यायचं बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर नेता येत नाही, हे मी कितीतरी सेक्रेटरींना बसून समजावलंय. त्यामुळे घर शोधायला निघाले तेव्हा वाटलं होतं, यातलं आपल्याला कळतं.

घर हवं होतं भोसरी, दिघी नाहीतर मोशीकडे. मी तेव्हा भोसरीच्या एका वर्कशॉपच्या अकाउंट्समध्ये होते, ठेकेदाराच्या पगारावर. भाऊ चाकणला सीएनसी मशीनवर. त्याला कंपनीची बस मोशीवरून मिळते, पण धनकवडीहून मोशी गाठायचं म्हणजे पहिल्या पाळीला पहाटे चारला उठायचं. मला घाईच्या दिवशी स्वारगेटहून मेट्रोनं नाशिक फाटा आणि तिथून शेअर रिक्षा, एरवी बस. त्यातच पीएमपीनं १ जून २०२५ पासून बसचा मासिक पास ९०० चा १,५०० केला. म्हणजे धनकवडीतच राहून दाटीवाटीनं काही जमवलं असतं, तरी ६०० रुपये तिथेच गेले असते.

एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला. "फॅमिली का बॅचलर?"

"भाऊ आणि मी."

मग जरा थांबून, "म्हणजे बॅचलरच ना."

सख्खे भाऊ-बहीण आहोत याचा पुरावा म्हणून दोघांची आधार कार्डं पाठवायची. त्यावर वडिलांचं नाव एकच दिसतं. एकानं तरीही विचारलं, "पण लग्नाचं वय झालंय ना तुमचं?" मी एकतीस वर्षांची आहे. याच्यावर काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही, मी हो म्हटलं. आडनावाबद्दल इथे एवढंच लिहिते की मी वहीत नोंद ठेवली होती. सतरा जणांशी बोलले. त्यातल्या पाच जणांनी पहिल्या दोन मिनिटांत आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर तिघांचा परत फोन आला नाही.

मोशीत एक वन आरके खरंच चांगला होता. तिसरा मजला, पूर्वेला खिडकी, १०,०००. मालक तयार होते. दोन दिवसांनी एजंट म्हणाला, सोसायटी एनओसी देत नाही, बॅचलरना देऊ नये असा ठराव आहे. मी चेअरमनना भेटायला गेले. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे नियमावलीत, सभासदाला आपला फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरारानं, द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचं, नोंदणी केलेल्या कराराची प्रत द्यायची, एवढंच. मी ते पान काढून दाखवलं. आवाज न चढवता, ऑफिसात जसं बोलते तसं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते पुस्तकातलं झालं." संध्याकाळी एजंटचा फोन आला, मालकांनी नाही सांगितलंय. वर तो चांगुलपणानंच म्हणाला, "मॅडम, तुम्ही कायदा सांगायला लागलात की मालक घाबरतो. भाडेकरूनं गप्प असलेलं बरं असतं."

हे मला फार लागलं. सात वर्षांत मिळवलेली माझी एकच पुंजी आहे, ती म्हणजे मला हे नियम पाठ आहेत. तीच झाकून ठेवायची. पुढच्या फोनवर मी नियमाचं एक अक्षर काढलं नाही, आणि प्रत्येक वेळी आतून काहीतरी खचल्यासारखं होत राहिलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दिघीतलं एक घर बघितलं. मालक-मालकीण वरच राहतात, खालची दोन खोल्यांची जागा द्यायची होती. एजंट म्हणाला, "आईला एकदा आणा. आई सोबत राहणार म्हणून सांगा, लगेच होईल." आईला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या एसटीनं निघाली. बायकांना आता एसटीला अर्धं तिकीट आहे, त्यामुळे ती येण्यासाठी मागेपुढे बघत नाही, पण म्हशीची धार काढायला कुणीतरी बघून यावं लागतं. तिनं लग्नकार्याला नेसते ते जांभळं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत ज्वारीचं पीठ होतं आमच्यासाठी.

मालकीणबाईंनी चहा दिला. घर, शेत, पाऊसपाणी विचारलं. मग विचारलं, "तुम्ही इथंच राहणार ना मुलांजवळ?"

मी आईकडे बघितलं. एजंटनं सांगितलेलं मी तिला बसमध्ये समजावून सांगितलं होतं. ती कप खाली ठेवून म्हणाली, "न्हाई ओ बाई. माझं तिकडं घर हाय, म्हस हाय. मी येऊन-जाऊन ऱ्हाईन. पण लेकरं माझी हायती, त्यांचं मी सांगती. पोरगी कुणाचं पाच पैसं बुडवायची न्हाई आन् पोरगा मान वर करून बघायचा न्हाई."

मालकीणबाई म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, कळवतो. त्यांनी कळवलं नाही.

परतताना मॅगझिन चौकात बसची वाट बघत उभ्या होतो. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपण घर बघाय आलो व्हतो का त्यांनी आपल्याला बघाय बोलावलं व्हतं?" माझ्यासाठी आजवर आलेल्या स्थळांसमोर ती असंच जांभळं लुगडं नेसून बसलीय. मला तिला इथवर आणल्याची लाज वाटली. खोटं बोलायला सांगितल्याची जास्त. त्या रात्री मी भावाला म्हटलं, घर मिळो न मिळो, आईला परत कुणासमोर बसवायचं नाही.

आता नोकरीचं सांगते, कारण दोन्ही गोष्टी एकात एक अडकलेल्या होत्या.

वर्कशॉपमध्ये काम मी त्यांचं करायचे, पण पगारपत्रकावर नाव ठेकेदाराचं. दर काही महिन्यांनी ब्रेक द्यायचा आणि नवं पत्र. दोन वर्षांत माझी तीन नेमणूकपत्रं झाली, तिन्हींवर वेगळ्या तारखा. भोसरीतल्याच एका पतसंस्थेची जाहिरात निघाली, लेखापाल, २३,०००, पीएफसकट. मुलाखत चांगली झाली. ठेवींवरच्या व्याजाची तरतूद, एनपीएचं म्हणजे थकलेल्या कर्जांचं वर्गीकरण, थकीत व्याजाच्या नोंदी, सगळं विचारलं आणि मला सगळं आलं. शेवटी त्यांनी दोन कागद मागितले. एक, सध्याच्या राहत्या पत्त्याचा पुरावा. कॅश आणि तिजोरीच्या किल्ल्यांशी संबंध येणार, तर पत्ता पक्का पाहिजे. दुसरा, आधीच्या ठिकाणचं अनुभव प्रमाणपत्र.

पत्त्याचा पुरावा म्हणजे भाडेकरार, आणि माझा करार महिन्याभरात संपणार. नवा करार व्हायचा तर मालकाला पगाराची स्लिप बघायची. स्लिप ठेकेदाराची. तिच्यावर मूळ पगार १३,००० आणि काही. ती बघितली की मालक म्हणणार, यात भाडं कसं भरणार? नव्या नोकरीचं पत्र दाखवलं असतं तर चाललं असतं, पण ते पत्ता दिल्याशिवाय मिळणार नाही. मी वहीच्या मागच्या पानावर हे गोल काढून बघितलं होतं, बाण देऊन. कुठूनही सुरुवात केली तरी तिथेच येत होते.

अनुभवाचं तर त्याहून अवघड. २०१८ ते २०२३ मी पेठेतल्या एका ऑडिट फर्ममध्ये होते. बहुतेक काम सोसायट्यांचं. मार्च संपला की सुरुवात, सप्टेंबरअखेर वार्षिक सभा, त्याच्या आत अहवाल हातात द्यायचे. दिवसाला दोन-दोन सोसायट्या मी एकटीनं केल्यात. पगार व्हाउचरवर सही करून रोख. प्रमाणपत्र मागितल्यावर साहेब म्हणाले, तू आमच्या रेकॉर्डला नाहीस, पत्र कसं देऊ? ते असं म्हणतील हे मला कुठेतरी माहीत होतं, तरी त्या जिन्यावर मी बराच वेळ बसून राहिले. कारण प्रश्न या एका नोकरीचा नव्हता. सोसायट्यांच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेवर प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून नाव लागायचं तर पदवी आणि जीडीसी अँड ए यांच्यासोबत संस्थांच्या ऑडिटचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. नाव लागलं की सोसायटीची वार्षिक सभा थेट तुमचीच नेमणूक करू शकते. अहवालावर सही तुमची. माझ्या आयुष्यातली तर पाच वर्षं त्यात गेलीत, आणि कागदावर ती नाहीतच.

मधल्या काळात म्हाडाचा अर्जही केला होता, दोनदा. वर्षाला सहा लाखांच्या आतलं उत्पन्न म्हणजे पुण्यात अत्यल्प गट. उत्पन्नाचा दाखला, बारकोड असलेला डोमिसाइल, अनामत रक्कम, सगळं वेळेत भरलं. मोठ्या खासगी प्रकल्पांमध्ये वीस टक्के घरं छोटी ठेवून ती म्हाडाच्या सोडतीतून द्यायची असतात, त्यातली दोन निवडली होती. नंबर लागला नाही, अनामत परत आली. अर्ज यापुढेही करीनच. पण एक गोष्ट मला दप्तरं बघताना कळली आहे आणि ती कुणी फारशी बोलत नाही. सोसायटीत सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं. म्हणजे वॉचमन, लिफ्टची वीज, साफसफाई, ऑफिसखर्च हे सगळं मिळून येईल त्याला फ्लॅटच्या संख्येनं भागायचं. क्षेत्रफळाचा त्यात संबंध नसतो. वन आरकेवाल्याला आणि थ्री बीएचकेवाल्याला तेवढेच. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये सोडतीतून छोटं घर मिळालेल्या एका बाईंचं बिल मी स्वतः बनवलंय. त्या ऑफिसात येऊन बिलाकडे नुसत्या बघत बसल्या होत्या. त्या घरकाम करून हप्ता फेडत होत्या. नियमानं बिल बरोबर होतं, मला एक रुपया कमी करता येत नव्हता. घर परवडणं म्हणजे घराची किंमत परवडणं, असं धरून सगळ्या योजना आखतात. त्या घरात दर महिन्याला राहायला काय लागतं, ते कुणीतरी आधी मांडायला हवं.

सोसायट्यांकडूनच अनुभवाची पत्रं घ्यायची कल्पना मला त्या जिन्यावर सुचली नाही. दोन दिवसांनी, जुन्या वह्या आवरताना सुचली. फर्मकडे माझी नोंद नसली तरी ज्या सोसायट्यांचं काम केलं त्यांना मी आठवत असेन. वहीत सत्तावीस नावं निघाली. संध्याकाळी काम सुटल्यावर आणि रविवारी एकेका ठिकाणी गेले. काही कमिट्या बदलल्या होत्या. काहींनी फर्मशी संबंध बिघडायला नको म्हणून नाही म्हटलं, ते मी समजू शकते. एका ठिकाणी गेटवरच वॉचमननं थांबवलं. पण नऊ जणांनी दिली.

सहकारनगरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आता ऐंशीच्या घरात आहेत. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा प्रिंटर बंद होता, म्हणून त्यांनी सोसायटीच्या लेटरहेडवर हातानं लिहिलं. वर जावक क्रमांक टाकला, तो जावक नोंदवहीत चढवला, गोल शिक्का मारला, मग सही केली. आमच्या संस्थेच्या सन २०१८-१९ ते २०२२-२३ या वर्षांच्या लेखापरीक्षणाचे काम यांनी प्रत्यक्ष केले आहे. खाली स्वतःहून एक ओळ घातली, की संस्थेच्या सस्पेन्स खात्यात, म्हणजे कुणाची ते न कळलेली रक्कम ठेवतात त्या खात्यात, अकरा वर्षं पडून असलेल्या रकमेचा मेळ यांनी लावून दिला. मला ती रक्कम अजून आठवते, ४७,३१२. तीन सभासदांनी नाव न लिहिता बँकेत भरलेले चेक होते ते. जुन्या स्लिपांच्या गठ्ठ्यातून शोधायला मला चार रविवार लागले होते, त्याचे वेगळे पैसे कुणी दिले नव्हते. ते यांच्या लक्षात होतं. आभार मानायचे होते, पण शब्द फुटेना. त्यांनी पाणी दिलं आणि पंखा वाढवला.

दिघी रोडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींकडे पत्र घ्यायला गेले तेव्हा त्यांनी सहज विचारलं, राहतेस कुठे? मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, आमच्याच इमारतीत तळमजल्याचा वन आरके रिकामा आहे, मालक नाशिकला असतात, मी बोलतो. मी म्हटलं, काका, माझी स्लिप ठेकेदाराची आहे. ते म्हणाले, चार वर्षं तू आमची बँकबुकं बघितलीस, आता मी तुझी स्लिप बघू होय?

भाडं १०,५००, अनामत ४०,०००. एजंट नसल्यामुळे एक महिन्याचं ब्रोकरेज वाचलं. अनामतीचं मात्र अवघड गेलं. धनकवडीचे २५,००० खोली सोडल्यावर मिळणार आणि इथले आधी द्यायचे. आईनं बचत गटातून १५,००० उचलले, महिना दीड टक्क्यानं. भावानं साठवलेले १२,००० दिले, ते त्यानं जुनी मोटरसायकल घ्यायला ठेवले होते. बाकीचे माझे. धनकवडीचे नंतर आले, रंगाचे ४,००० कापून.

त्या वर्षी पावसानं घाई केली. २६ मेलाच मान्सून पुण्यात आला आणि आम्ही ३० तारखेला छोट्या टेंपोत सामान टाकून निघालो तेव्हा ताडपत्रीवर पाणी साचत होतं. भावानं सगळा रस्ताभर माझ्या पुस्तकांचं खोकं मांडीवर धरलं होतं.

पण करार त्याच्या आधीचा, २२ मेचा. नोंदणी ऑनलाइन होते, माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. अकरा महिन्यांचं भाडं १,१५,५००, त्यात अनामतीवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवून पाव टक्का मुद्रांक शुल्क, ते ३०० येतं. नोंदणी फी १,०००, दस्त हाताळणीचे ३००. एकूण १,६००. त्यानं ३,५०० सांगितले. मी आकडा मोडून दाखवला आणि त्याच्या मेहनतीचे ७०० वेगळे देते म्हटलं. तो लगेच कबूल झाला. किती दिवसांनी मी असं मोकळेपणानं नियम बोलले.

सोसायटीला द्यायचं आठ दिवस आधीचं पत्र मीच तयार केलं. मालकांच्या वतीनं असतं ते, त्यांनी फक्त सही केली. अशी पत्रं मी फाइलला शेकड्यांनी लावलीत. भाडेकरूच्या नावाच्या जागी माझं नाव टाइप करताना एकदा थांबले आणि परत वाचलं, आडनावासकट.

पतसंस्थेत १६ जूनला रुजू झाले. सहा महिने परिविक्षा आहे. नऊ पत्रं एका फाइलला लावून नामतालिकेच्या अर्जासाठी तयार ठेवली आहेत, सहकारनगरचं सगळ्यात वर. भावाची अप्रेंटिसशिप ऑगस्टमध्ये संपते. कंपनी घेणार की ठेकेदारामार्फत ये म्हणणार, ते त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. तो रोज विचारतो, मी रोज सांगते की तुझं प्रमाणपत्र मात्र हातात घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नकोस.

त्या नोंदणीच्या संध्याकाळचं एक राहिलं. मालकांचा अंगठा नाशिकहूनच झाला होता. माझा पहिल्या फटक्यात लागला. भावाचा लागेना. दिवसभर मशीन थंड ठेवायच्या कूलंटमध्ये हात असतात त्याचे, बोटांची साल निघालेली, रेषाच उरल्या नाहीत. मशीनवर तीनदा लाल दिवा लागला. नोंदणीवाला म्हणाला, दुसरं बोट बघू. भावानं मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, मी खोबरेल तेल दिलं, त्यानं बोटं चोळली, टॉवेलनं पुसली. तर्जनी नाही. मधलं नाही. आम्ही दोघं आणि सेक्रेटरीकाका त्या छोट्या काचेकडे बघत होतो. डाव्या हाताची करंगळी ठेवली, नोंदणीवाल्यानं वरून हलकेच दाबली, आणि हिरवा दिवा लागला.